यवतमाळच्या उन्हात स्ट्रॉबेरी? ‘उष्णता सहन करणारं वाण’ म्हणजे नेमकं काय

थंडी सुरू झाली की रील्सवर एक ठरलेला व्हिडिओ फिरायला लागतो. काळा मल्चिंग पेपर, त्यावर लालबुंद स्ट्रॉबेरी आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘४५ अंशांतही येणारी स्ट्रॉबेरी! रोपं बुक करा.’ खाली कमेंटमध्ये पुसद, दारव्हा, वणी, उमरखेड इथली पोरं विचारतात, ‘आमच्याकडे येईल का भाऊ?’ उत्तर एकच मिळतं, ‘हो, येईल. नंबर पाठवा.’

हा प्रश्न गमतीचा नाही. एका एकरात स्ट्रॉबेरीची वीस हजारांहून जास्त रोपं बसतात. रोप दहा रुपयांना धरलं तरी नुसती रोपंच दोन लाखांची झाली. त्यात ठिबक, मल्चिंग, खतं, मजुरी आणि डबे अजून धरलेले नाहीत. कापूस, सोयाबीन, तुरीवर चालणाऱ्या घरात हा पैसा एका रीलवर विश्वास ठेवून लावायचा का? आणि घरात फोन तुमच्या हातात असेल, तर बाबा हे तुम्हालाच विचारणार.

म्हणून मी इथे ‘येईल’ किंवा ‘येणार नाही’ असा निकाल देत नाही. त्याआधीचा प्रश्न समजून घेऊ. उष्ण हवामानासाठी स्ट्रॉबेरीचं वाण तयार करतात म्हणजे नेमकं काय करतात?

फोनचं एक उदाहरण घ्या. बॉक्सवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं, तरी आपण विचारतो, ‘आयपी रेटिंग किती?’ आयपी६७ म्हणजे एक मीटर पाणी, ३० मिनिटं. किती खोल आणि किती वेळ, हे कळल्याशिवाय ‘वॉटर रेझिस्टंट’ या शब्दाला किंमत नाही. ‘उष्णता सहन करणारं’ हा शब्दही तसाच आहे. किती अंश? दिवसा की रात्री? कोणत्या महिन्यात? आणि सहन करतं म्हणजे रोप जगतं, फूल येतं की विकण्यासारखं फळ येतं?

मे महिना सोडा, ऑक्टोबर बघा

यवतमाळ म्हटलं की डोळ्यांपुढे मे महिना येतो. पारा ४२-४५ वर, रस्ते ओस. पण स्ट्रॉबेरीचं पीक मे महिन्यात घ्यायचंच नसतं. महाराष्ट्रात रोपं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागतात आणि फळं हिवाळ्यात निघतात.

विदर्भाचा हिवाळा काही वाईट नाही. डिसेंबर-जानेवारीत यवतमाळला पहाटे पारा १२-१५ अंशांपर्यंत उतरतो, थंडीची लाट आली तर त्याच्याही खाली. मग महाबळेश्वरला असं काय आहे जे आपल्याकडे नाही? उंची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर आहे, यवतमाळ शहर साधारण ४५० मीटरवर. हजार मीटर वर गेलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, हा ढोबळ नियम. त्यामुळे तिकडे दिवसाही गारवा राहतो आणि फळांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत लांबतो. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ ही त्या डोंगराची, तिथल्या लाल मातीची आणि त्या लांब हंगामाची देणगी आहे.

विदर्भातही स्ट्रॉबेरी होते, ती चिखलदऱ्याला, मोथा गावाच्या परिसरात. पण चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या डाबची स्ट्रॉबेरीसुद्धा सातपुड्याच्या डोंगरातलीच. म्हणजे ‘विदर्भात स्ट्रॉबेरी यशस्वी’ अशी बातमी वाचली की आधी गुगल मॅप्सवर गाव शोधा आणि त्याची उंची बघा. चिखलदऱ्याचं यश आर्णीच्या वावरात जसंच्या तसं उतरत नाही.

आपल्याकडे गोष्ट अडते ती हिवाळ्याच्या दोन टोकांना. ऑक्टोबरमध्ये रात्री अजून वीस अंशांच्या आसपास असतात. फेब्रुवारी संपता संपता दुपार पुन्हा तापायला लागते आणि मार्चमध्ये पस्तिशी ओलांडते. मधला जो थंड पट्टा उरतो, त्यात झाडाला फूल धरून फळ पिकवायचं असतं. उष्ण प्रदेशासाठी वाण तयार करणारा माणूस या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, तीन-तीन आठवडे जास्तीचे मिळवण्यासाठी झगडत असतो. मेमधल्या ४५ अंशांशी त्याची लढाई नसते.

पहिलं कुलूप : फूल यायचं की नाही, हे झाड कसं ठरवतं

स्ट्रॉबेरीच्या रोपाकडे दोन रस्ते असतात. एक, फूल काढणं. दुसरा, रनर काढणं, म्हणजे जमिनीवर पळणारी लांब दोरी, जिच्या टोकाला नवं रोप तयार होतं. थंडी आणि लहान दिवस मिळाले की झाड फुलांकडे वळतं. ऊब आणि लांब दिवस मिळाले की रनर सोडत बसतं.

नेहमीच्या वाणांना ‘शॉर्ट डे’ वाणं म्हणतात. दिवस साधारण १४ तासांपेक्षा लहान झाला की ती कळ्या धरायला लागतात. आता गंमत बघा. यवतमाळचा वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो. कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरी पट्ट्यात जूनमधला दिवस पावणेपंधरा तासांपर्यंत जातो. म्हणजे दिवसाची लांबी ही त्यांची अडचण आहे, आपली नाही. आपल्याकडे दिवस बारा महिने पुरेसा लहान असतो, अडवते ती गरमी. दिवस लहान असला तरी तापमान सतत पंचवीस-तिशीच्या घरात राहिलं, तर झाड कळी धरतच नाही. हिरवंगार वाढतं, रनर सोडतं. शेतकऱ्याला वाटतं रोप जोमात आहे, पण त्याने फुलाचा रस्ता धरलेलाच नसतो.

इथेच ‘डे न्यूट्रल आहे, बारमाही फळ देईल’ या जाहिरातीचा भोपळा फुटतो. डे न्यूट्रल म्हणजे दिवसाच्या लांबीकडे न बघता फुलणारं वाण. गरमीकडे न बघता फुलणारं नव्हे. उष्मा फार वाढला की तीही थांबतात.

दुसरं कुलूप : परागकण

समजा फूल आलं. पुढचं संकट डोळ्यांना दिसत नाही.

आपण ज्याला स्ट्रॉबेरी म्हणतो, तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ आहे. खरी फळं म्हणजे वर चिकटलेले ते बारीक दाणे. प्रत्येक दाण्याचं स्वतंत्र परागीभवन व्हावं लागतं. दाणा फळला की तो ऑक्सिन नावाचं संप्रेरक सोडतो आणि त्याच्या खालचा गर फुगतो. १९५० मध्ये नीच या शास्त्रज्ञाने हे फार सोप्या पद्धतीने दाखवून दिलं. कोवळ्या फळावरचे दाणे काढून टाकले की गराची वाढ थांबत होती.

आता परागकण कमकुवत असतील तर काय होईल? काही दाणे फळतील, काही नाही. एक बाजू फुगेल, दुसरी दबलेली राहील. बाजारात ज्याला वेडंवाकडं फळ म्हणून बाजूला काढतात, ते बहुतेक वेळा असं तयार होतं.

परागकण उष्णतेला फार हळवे असतात. जपानमध्ये ‘न्योहो’ आणि ‘तोयोनोका’ ही दोन वाणं दिवसा ३० आणि रात्री २५ अंशांत ठेवून तपासली गेली. गरमीचा फटका दोघांनाही बसला, पण न्योहोचे परागकण तोयोनोकापेक्षा बरे टिकले. वाण तयार करणाऱ्यासाठी ही मोठी बातमी असते. दोन वाणांत फरक आहे म्हणजे तो गुण कुठेतरी जनुकांत आहे, आणि जनुकांत आहे म्हणजे निवडता येतो.

तिसरं कुलूप : फळ, माती आणि बुरशी

गरमीत फळ लवकर पिकतं. ऐकायला छान वाटतं, पण फळाला भरायला वेळ मिळत नाही. ते लहान राहतं, मऊ पडतं, गोडी कमी होते. आणि यवतमाळहून नागपूरच्या बाजारात फळ पोचेपर्यंत ते टणक राहायला हवं. साध्या तापमानाला स्ट्रॉबेरी दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. म्हणून उष्ण प्रदेशाच्या वाणात टणकपणा हा जगण्या-मरण्याचा गुण आहे.

मातीचं गणितही वेगळं आहे. स्ट्रॉबेरीला किंचित आम्ल, साडेपाच ते साडेसहा सामूची, पाणी लगेच निचरणारी माती आवडते. आपली काळी जमीन कपाशीला सोन्यासारखी, पण ती विम्ल असते, सामू बरेचदा साडेसात-आठच्या पुढे जातो आणि ती पाणी धरून ठेवते. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. विहिरीचं पाणी क्षारयुक्त असेल तर आणखी त्रास, कारण स्ट्रॉबेरी क्षारांना फारच नाजूक आहे.

आणि बुरशी. मॅक्रोफोमिना नावाची एक बुरशी तापलेल्या, कोरड्या जमिनीत जोर धरते आणि सोयाबीनसह शेकडो पिकांना धरते. सोयाबीनमधला ‘चारकोल रॉट’ तिचाच. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात जमीन निर्जंतुक करायला वापरला जाणारा मिथाइल ब्रोमाइड वायू ओझोनच्या थरासाठी घातक म्हणून बंद होत गेला, तशी हीच बुरशी तिथल्या स्ट्रॉबेरीवर चढली. त्यामुळे ज्या वावरात काल सोयाबीन होतं, तिथे आज स्ट्रॉबेरी लावताना ‘हे वाण मूळकुजीला किती टिकतं?’ हा प्रश्न ‘किती गोड आहे?’ याच्या आधी विचारायला हवा.

मग वाण तयार करतात कसं?

कपाशीपासून सुरुवात करू, कारण ती आपल्या ओळखीची. कपाशीचं संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. एक चांगलं रोप सापडलं की त्याचे रनर काढून लाखो रोपं करता येतात आणि प्रत्येक रोप मूळ रोपाची हुबेहूब कॉपी असते. म्हणजे ‘स्वीट चार्ली’ हे वाण म्हणजे एकाच रोपाच्या कोट्यवधी कॉप्या. सगळी कसरत ते एक रोप शोधण्याची आहे.

पद्धत अशी. निवडलेल्या मादी झाडाचं फूल उमलण्याआधी चिमट्याने त्याचे पुंकेसर काढून टाकतात. दुसऱ्या झाडाचे परागकण ब्रशने लावतात आणि फूल झाकतात. फळ पिकलं की त्यावरचे दाणे पेरतात. उगवलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. कारण माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर आपण खातो त्या स्ट्रॉबेरीत आठ. एकूण ५६ गुणसूत्रं. पत्त्यांचे आठ कॅट एकत्र पिसावेत आणि डाव वाटावा, तसा प्रकार. एकसारखा डाव दोनदा पडत नाही.

अशा हजारो रोपांतून वास, आकार, टणकपणा, लवकर फळणं बघत शंभरेक निवडतात. त्यांचे रनर काढून पुढच्या वर्षी जास्त जागेत लावतात. मग त्यातून दहा, त्यातून दोन. हे सगळं होऊन शेतकऱ्याच्या हातात रोप पडेपर्यंत सहा-सात वर्षं सहज जातात.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ही निवड कुठे होते, त्यावर वाणाचा स्वभाव ठरतो. थंड जागी हजार रोपांतून एक निवडलं, तर गरमीत टिकणारी रोपं त्या हजारांत असूनही नजरेत येत नाहीत आणि फेकली जातात. एसीत बसून टेस्ट केलेला फोन मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाइकच्या होल्डरवर कसा वागेल, हे टेस्टरला कसं कळणार? वाण ज्या मातीत आणि ज्या उन्हात निवडलं जातं, त्याच मातीचं आणि उन्हाचं होतं.

ज्यांनी हे केलं : फ्लोरिडा, क्वीन्सलंड, थायलंड

महाबळेश्वरात लावल्या जाणाऱ्या वाणांची नावं बघा. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन ही फ्लोरिडा विद्यापीठाची, कॅमारोसा कॅलिफोर्निया विद्यापीठाचं. फ्लोरिडातही हिवाळ्यातच फळ घेतात, म्हणून तिथले पैदासकार ‘लवकर फळणं’ या गुणामागे लागले. १९९२ मध्ये आलेलं स्वीट चार्ली लवकर फळतं आणि अँथ्रॅक्नोज या फळकुजीला दाद देत नाही. दमट-उबदार हवेत हे दोन्ही गुण सोन्याच्या मोलाचे.

पण एक गोष्ट रीलवाले सांगत नाहीत. फ्लोरिडातले शेतकरी लागवडीची रोपं बऱ्याच प्रमाणात दूर कॅनडातून मागवतात. म्हणजे वाण उबदार हवेसाठी निवडलेलं, पण रोप वाढलेलं थंडीत. थंडीत वाढलेलं रोप ताकद साठवून येतं आणि लागल्यावर लवकर फुलतं. उष्ण प्रदेशातल्या स्ट्रॉबेरीचं अर्धं रहस्य वाणात असतं आणि अर्धं नर्सरीत. यवतमाळसारख्या ठिकाणी मदर प्लांट उन्हाळाभर जगवून त्याचे रनर काढणं हे फळ काढण्यापेक्षा कठीण काम आहे. त्यामुळे निदान सुरुवातीला रोपं डोंगरावरूनच आणावी लागतात.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये, नांबूर इथल्या सरकारी केंद्रात त्याच उपोष्ण हवेत निवड करून ‘रुबीजेम’, ‘रेड रॅप्सडी’, ‘सनड्रेंच’ अशी वाणं काढली गेली. थायलंडच्या रॉयल प्रोजेक्टने चिआंग माईच्या डोंगरांसाठी जपानी वंशातून ‘फ्राराचथान ८०’ निवडलं. राजा भूमिबोल यांच्या ८० व्या वाढदिवसाचं नाव त्याला मिळालं. तिन्ही ठिकाणी परदेशी वाण आणून लावण्यावर कोणी थांबलं नाही. आपल्या हवेत, आपल्या जमिनीत निवड केली.

भारतातही प्रयत्न झाले आहेत. उत्तरेतल्या मैदानांसाठी म्हणून ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ हे नाव फलोत्पादनाच्या पुस्तकांत दिसतं. झाशीत, म्हणजे बुंदेलखंडाच्या उन्हात, पिकवलेल्या स्ट्रॉबेरीचा उल्लेख जानेवारी २०२१ च्या ‘मन की बात’मध्ये झाला होता. तीही हिवाळ्यातलीच स्ट्रॉबेरी, हे विसरू नका.

रानातून आलेले गुण

हव्या त्या गुणासाठी पैदासकार अनेकदा रानात जातात. कॅलिफोर्नियाच्या रॉइस ब्रिंगहर्स्ट यांनी १९५० च्या दशकात युटा राज्यातल्या वासाच पर्वतात एक रानटी स्ट्रॉबेरी शोधली, जी दिवसाच्या लांबीची पर्वा न करता फुलत होती. तिचा बागेतल्या स्ट्रॉबेरीशी संकर, त्या पिल्लांचा पुन्हा संकर, असं करत दोन दशकांनंतर डे न्यूट्रल वाणं बाजारात आली. एका रानटी रोपामुळे जगाचा स्ट्रॉबेरीचा हंगाम बदलला.

आपल्या देशाचाही एक धागा आहे. नीलगिरीच्या डोंगरांवरून जिचं शास्त्रीय नाव पडलं, ती ‘फ्रॅगेरिया नीलगेरेन्सिस’ ही रानटी स्ट्रॉबेरी. फळ फिकट, पांढरट, पण सुगंध वेगळाच. जपानी शास्त्रज्ञांनी तिचा नेहमीच्या स्ट्रॉबेरीशी संकर करून ‘तोकुन’ हे वाण काढलं, ज्याला पीचसारखा वास येतो. त्यात गुणसूत्रांचे आठ नव्हे, दहा संच आहेत. नीलगिरीचं नाव लावणारी स्ट्रॉबेरी जपानी माणसाच्या ताटात पोचली. आपल्या रानात काय पडून आहे, हे आपण तपासायला हवं, एवढंच मी म्हणेन.

डीएनए वाचून वेळ वाचतो का?

हो, वाचतो. २०१९ मध्ये कॅमारोसा वाणाचा संपूर्ण जीनोम ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. आठ संचांचा हा गुंता सुटल्यामुळे कोणता गुण कुठे दडला आहे, हे शोधणं सोपं झालं.

त्यावर चालणाऱ्या पद्धतीला मार्कर वापरून निवड म्हणतात. रोप बोटभर असतानाच पानाचा छोटा तुकडा घेऊन डीएनए तपासायचा. हवी ती खूण असेल तर रोप ठेवायचं, नसेल तर काढायचं. वर्षभर फळाची वाट बघायची गरज नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे जीनोमिक सिलेक्शन. त्यात डीएनएवरच्या हजारो खुणा एकत्र बघून कॉम्प्युटर अंदाज करतो की हे रोप किती उत्पादन देईल. यूट्यूब तुमची आवड ओळखून पुढचा व्हिडिओ सुचवतं, तसाच हा अंदाज. आणि त्याची मर्यादाही तीच. यूट्यूब तुम्ही आधी जे बघितलं त्यावरून शिकतं. हे मॉडेल ज्या शेतातल्या नोंदींवरून शिकलं, त्या शेताबद्दलच खरं बोलतं. फ्लोरिडाच्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल घाटंजीबद्दल खात्रीने काही सांगू शकत नाही.

जीन एडिटिंगची चर्चाही आहे. रानटी स्ट्रॉबेरीत टीएफएल१ हे जनुक फुलांना लगाम घालतं. ते बिघडलं की झाड सतत फुलत राहतं, असं दिसून आलं आहे. बाहेरचं जनुक न घालता केलेल्या अशा बदलांसाठी भारताने २०२२ मध्ये नियम सैल केले आणि २०२५ च्या मे महिन्यात भाताची दोन एडिट केलेली वाणं जाहीरही झाली. पण आज आपल्याकडे शेतकऱ्याला मिळणारी स्ट्रॉबेरीची वाणं नेहमीच्या संकरातूनच आलेली आहेत. ‘बीटी स्ट्रॉबेरी आहे’ असं कोणी सांगितलं, तर तिथूनच परत फिरा.

यवतमाळसाठी काम कुठून सुरू होईल?

यवतमाळ हे काही रिकामं पान नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यात आहे. त्याच विद्यापीठाचं वसंतराव नाईक कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय यवतमाळ शहरातच आहे. पानाच्या तुकड्यातून डीएनए काढणं हा तिथल्या अभ्यासाचाच भाग. विदर्भाने कपाशीची स्वतःची वाणं निवडली आहेत, त्यामुळे निवड करण्याची विद्या आपल्याला परकी नाही.

पहिली पायरी संकराचीही नाही, तुलनेची आहे. पाच-सहा वाणांची पन्नास-पन्नास रोपं एकाच बेडवर, एकाच पाण्यावर, एकाच दिवशी लावायची आणि नोंदी ठेवायच्या. पहिलं फूल कोणत्या तारखेला आलं, त्या आठवड्यात रात्रीचं तापमान किती होतं, शंभर फळांत वाकडी किती, मार्चमध्ये कोणतं वाण शेवटपर्यंत टिकलं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक साधा किमान-कमाल तापमापक, फोनचा कॅमेरा आणि गुगल शीट एवढं पुरे. रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी एक फोटो काढला, तर हंगामाच्या शेवटी तुमच्याकडे जी माहिती असेल, ती कोणत्याही जाहिरातीत नसते.

रोपं घेण्याआधी हे पाच प्रश्न

१. वाणाचं नाव काय? ‘हायब्रीड’, ‘इम्पोर्टेड’, ‘हीट प्रूफ’ ही वाणांची नावं नाहीत. नाव कळलं की ते कोणत्या संस्थेने काढलं, हे दोन मिनिटांत शोधता येतं.

२. रोप कुठे वाढलं? थंड जागच्या नर्सरीतलं रोप आणि तळपत्या शेडनेटमधलं रोप एकाच वाणाचं असलं तरी सारखं फुलत नाही.

३. फळं घेतलेलं शेत कोणत्या गावात, किती उंचीवर? व्हिडिओ डोंगरावरचा असेल, तर तो तुमच्यासाठी पुरावा नाही.

४. पहिली तोडणी कधी, शेवटची कधी? ‘बारमाही’ हे उत्तर नव्हे, तारीख सांगा. सपाटीवरच्या शेताची तारीख सांगा.

५. माती आणि पाणी तपासलं का? हा प्रश्न विकणाऱ्याला नाही, स्वतःला विचारायचा. सामू आणि क्षार यांचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बेड पाडू नका.

या पाचांची नीट उत्तरं मिळाली तरी पहिल्या वर्षी एकर नको, एक-दोन गुंठे लावा. नुकसान झालं तर झेपेल आणि शिकायला पुरेल एवढं.

४५ अंशांत फळ देणारं जादूचं वाण आज कोणाकडेच नाही. पण हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना थोडे-थोडे दिवस जास्त फळणारं, वाकडी फळं कमी देणारं आणि काळ्या मातीत तग धरणारं वाण सापडणं अशक्य नाही. फ्लोरिडाने, क्वीन्सलंडने, थायलंडने ते आपापल्या जागी शोधलं. यवतमाळचं वाण यवतमाळच्याच बेडवर निवडावं लागेल. तोपर्यंत रील आवडलं तर लाइक करा, पैसे पाठवण्याआधी मात्र वाणाचं नाव, गाव आणि तारीख विचारा.